माळ्यावरच्या वस्तूंचं घर

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचं गाठोडं खाली येतं. एका कानाचं तपेलं, काच फुटलेला कंदील, सासूबाईंच्या सासूबाईंचा अडकित्ता, झाकण हरवलेला पानाचा डबा. पाच मिनिटं सगळे भोवती जमतात, कोणीतरी एखादी आठवण सांगतं आणि मग तो नेहमीचा प्रश्न येतो, याचं करायचं काय? ठेवायला जागा नाही, वापरात तर नाहीच. शेवटी पितळ मोडीत जातं, लाकूड चुलीत जातं आणि उरलेलं भंगारवाला घेऊन जातो. आमच्या भुकूममध्ये तर आता जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहिल्यात आणि नव्या फ्लॅटला माळाच नसतो. म्हणजे गाठोडं खाली येतं ते परत वर न जाण्यासाठीच.

मैत्रिणींनो, अशा वेळी मला दिनकर केळकरांची आठवण हमखास होते. पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, ते उभं करणारे हे गृहस्थ. शाळेच्या सहलीला तुमच्यापैकी कित्येकजणी तिथे गेल्या असतील. मस्तानीचा महाल आणि भिंतभर दिवे बघून, रांगेतून धावत पळत बाहेरही आल्या असतील. पण ज्या माणसाने हे सगळं जमवलं, त्याची गोष्ट सहलीच्या रांगेत कोणी सांगत नाही. म्हणून आज ती सांगायला बसले आहे.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. ते राजे नव्हते, सरदार नव्हते, सावकारही नव्हते. घरचा धंदा चष्म्यांचा होता. लोकांच्या डोळ्यांना नीट दिसावं म्हणून काचा बसवून द्यायच्या, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. जोडीला कवितेचं वेड. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते कविता लिहीत. इतिहासाची विलक्षण ओढ होती. चष्मे, कविता आणि इतिहास या तीन गोष्टींचा मेळ एका माणसात बसला आणि त्यातून वस्तूंचं वेड जन्माला आलं. मला तर वाटतं, चष्म्याच्या दुकानदाराला जे साधलं ते मोठमोठ्या पंडितांना साधलं नाही. इतरांच्या नजरेतून सुटलेलं त्याला दिसलं.

साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या काळातलं पुणं डोळ्यांपुढे आणून बघा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं होतं. जुनी दप्तरं, बखरी, पत्रं शोधत विद्वान मंडळी गावोगाव हिंडत होती. कागदाला किंमत आली होती. लढाई कुठे झाली, तह कोणी केला, वतन कोणाला मिळालं, हे सगळं कागदावर सापडतं. पण त्या लढाईवर गेलेल्या माणसाच्या घरी स्वयंपाक कशात होत होता? त्याची बायको कुंकू कशात ठेवत होती? बाळाला दूध कशाने पाजत होती? हे दप्तरात कोण लिहिणार? ते लिहिलेलं असतं भांड्यांवर, फणीवर, समईवर, देव्हाऱ्यावर. दिनकररावांनी इतिहासाची ही दुसरी वही वाचायला घेतली.

आणखी एक योगायोग मला आमच्या तालुक्याची लेक म्हणून जाणवतो. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, मुळशीला धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला होता. सेनापती बापट त्याचे पुढारी. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मावळातल्या गावंच्या गावं पाण्याखाली जाणार होती, आणि पुढे ती गेलीही. शेतं गेली, देवळं गेली, उंबरे गेले. आंब्याच्या झाडाखाली ठेवलेली उखळं, जमिनीत पक्की बसवलेली जाती कोणी कुठवर ओढून नेणार? त्यांची यादी कुठल्याही कागदात नाही. पलीकडे पुण्यात एक तरुण कवी बरोब्बर अशाच वस्तू गोळा करायला निघाला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण घरातल्या वस्तू किती झटकन नाहीशा होतात, हे कळायला आम्हा मुळशीकरांना लांब जावं लागत नाही.

आता या वस्तू त्यांना मिळाल्या कशा? तर काळच तसा होता. पेशवाई जाऊन शंभर वर्षं उलटली होती. जुन्या वाड्यांमध्ये माणसं होती, मान होता, पण पैसा आटला होता. घरात पाचशे माणसांच्या पंगतीची भांडी आणि पंगत पाचाची, अशी गत. त्यातच नव्या वस्तू आल्या. वीज आली आणि समया, लामणदिवे, ठाणवया देवघरापुरत्या उरल्या. पुढे ॲल्युमिनियम आलं, चिनी मातीचं आलं आणि १९६०-७० च्या दशकांत स्टेनलेस स्टीलने तर घराघरांत धुमाकूळ घातला. कल्हई नको, चिंचेने घासणं नको, बायकांच्या हातांना सुख झालं. आपल्या आया-आज्यांनी पितळी पातेली देऊन स्टीलचे डबे घेतले, यात त्यांचं काही चुकलं नाही. रोज चार घंगाळी घासणाऱ्या बाईला कोणी कलेचं महत्त्व सांगू नये.

पण मोडीच्या दुकानात काय होतं, हे लक्षात घ्या. तिथे वजन बघतात, नक्षी बघत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने मोराची मान किती नाजूक वळवली आहे, याचे तराजूत पैसे मिळत नाहीत. भट्टीत गेला की मोर काय आणि तांब्या काय, दोघांचा एकच रस होतो. दिनकरराव त्या भट्टीच्या आधी पोचायची धडपड करत. जुन्या घराण्यांकडे जात, बाजारात फिरत, परगावी जात. पुढे महाराष्ट्रापुरतं न थांबता गुजरात, राजस्थान, दक्षिण असा देश त्यांनी पालथा घातला. दारं आणली, खांब आणले, वाद्यं आणली, कळसूत्री बाहुल्या आणल्या. १९६० पर्यंत हा पसारा सुमारे १५ हजार वस्तूंचा झाला होता. चाळीस वर्षांत १५ हजार, म्हणजे सरासरी धरली तर रोज एक वस्तू घरात येत होती, असं म्हणायला हरकत नाही.

आणि इथे मी थांबते. कारण रोज एक जुनी वस्तू घरात आणणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे नवऱ्याने एखादी जुनी खुर्ची आणली तरी दोन दिवस बोलाचाली बंद होते. दिनकररावांच्या पत्नी कमलाबाई. या छंदात त्या त्यांच्या सोबत होत्या. छंदापायी कमलाबाईंचे दागिनेही गेले, असं पुण्यात सांगतात. मोठ्या माणसांच्या गोष्टींत असं एक वाक्य नेहमी असतं, आपण ते वाचतो आणि पुढे जातो. मला मात्र पुढे जाववत नाही. घरात माणसं वावरणार त्याच जागेत दिवे, मूर्ती, तलवारी, पेट्या. त्या पुसणार कोण, पाहुणा आला तर बसवणार कुठे, पितळ काळं पडलं तर बघणार कोण? चरित्रात हे येत नाही. आज संग्रहालयाचा पत्ता लिहिताना इमारतीचं नाव 'कमल कुंज' असं लिहितात. ते वाचलं की मला थोडं बरं वाटतं.

या जोडप्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव वेगळाच होता. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. यावर मी काय लिहू? ज्या घरावर असा प्रसंग आलाय, त्यांना शब्द लागत नाहीत आणि ज्यांच्यावर आला नाही, त्यांना ते कळत नाहीत. लेकराच्या माघारी त्याच्या वस्तू उरतात. झबलं, खुळखुळा, पाटी. काही आया त्या जपून ठेवतात, काहींना त्या बघवत नाहीत. दिनकररावांनी आपला अख्खा संग्रहच लेकाच्या नावाने केला. म्हणून ते 'राजा केळकर' संग्रहालय. कित्येकांना वाटतं, की कुठल्या तरी संस्थानच्या राजाचा हा संग्रह असावा. नाही हो, हा राजा म्हणजे एका चष्मेवाल्याचं लाडकं लेकरू. ज्या मुलाला मोठं होता आलं नाही, त्याचं नाव आज पुण्यात पत्ता विचारणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी येतं.

हैदराबादचं सालारजंग संग्रहालय तुम्ही ऐकलं असेल. तोही एका माणसाच्या हौसेतून वाढलेला संग्रह, पण ते सालारजंग म्हणजे निजामाच्या दरबारातलं बडं घराणं. त्यांना जगभरातल्या उंची वस्तू विकत घेता आल्या. केळकरांची गोष्टच निराळी. त्यांच्याकडे तेवढा पैसा नव्हता, म्हणून की काय कोण जाणे, त्यांची नजर गेली ती रोजच्या वापरातल्या वस्तूंकडे. आणि माझ्या मते तेच त्यांच्या संग्रहाचं वैभव आहे. सोन्याची वस्तू कोणीही सांभाळतो हो, खरकट्यातली पळी सांभाळायला वेगळं काळीज लागतं.

त्यातला अडकित्त्यांचा भागच घ्या. सुपारी कातरायची ती काय एवढी मोठी गोष्ट? दोन पाती, एक खीळ, झालं काम. पण तिथे घोड्याचा अडकित्ता आहे, मोराचा आहे, पोपटाचा आहे, एकमेकांकडे बघणाऱ्या स्त्री-पुरुषांचाही आहे. जेवणानंतर पानाचं तबक फिरायचं, तेव्हा चार लोकांत हातात घ्यायची ही वस्तू, म्हणून तिचा एवढा थाट. वज्री बघा. पाय घासायची पितळी वज्री, खालून खरखरीत आणि वर मुठीला पक्षी, प्राणी. काहींच्या पोटात खडे घालून त्यांचा खुळखुळ आवाज होईल अशी सोय. अंगणातल्या दगडावर बसून टाचा घासणाऱ्या बाईला तेवढीच करमणूक, असं त्या कारागिराच्या मनात आलं असेल का? आता आपण प्लास्टिकचा ब्रश वापरतो, काम तेच होतं, पण त्याला कोणी पक्षी बसवत नाही.

शिवाय शेवयांचे साचे, पानदान, कुंकवाचे करंडे, फण्या, दौती, खेळणी, सोंगट्यांचे पट. मोर कोरलेलं तंतुवाद्य आहे, विंचवाच्या आकाराची कुलपं आहेत. मी जेव्हा जेव्हा जाते, तेव्हा बायकांच्या वस्तूंच्या दालनात सगळ्यात जास्त वेळ रेंगाळते. तलवारी मला कळत नाहीत, पण पळी कळते. काचेपलीकडच्या पळीचा दांडा एका बाजूला झिजलेला दिसला, की लगेच कळतं, ही उजव्या हाताने ढवळणारी होती आणि हिच्या घरी माणसं पुष्कळ होती.

मस्तानी महालाची हकीकत तर आमच्याच रस्त्यावरची. भुकूमहून पुण्याला जाताना भूगाव, बावधन करत आपण चांदणी चौकात येतो आणि तिथून खाली उतरलं की कोथरूड. आज तिथे वाहनांची गर्दी आणि दुकानांच्या पाट्या. पण पेशवाईत कोथरूड गावाबाहेरचं होतं आणि तिथे बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेला महाल होता. त्याचे उरलेले भाग दिनकररावांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. ज्या बाईला जिवंतपणी पुण्याने शनिवारवाड्यात सुखाने राहू दिलं नाही, तिच्या घराच्या लाकडांना दोनशे वर्षांनी शुक्रवार पेठेत हक्काची जागा मिळाली. इतिहासाचे हिशेब असेही चुकते होतात.

१९६२ मध्ये संग्रहालय रीतसर स्थापन झालं. आणि १९७५ मध्ये दिनकररावांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे सोपवला. या वाक्यातही बरंच काही दडलंय. तेव्हा त्यांचं वय ७९ होतं. पंचावन्न वर्षं ज्याच्यामागे घालवली, ते देऊन टाकायचं. विकलं असतं तर? परदेशात अशा वस्तूंना चांगली किंमत येते, हे त्यांच्यासारख्या जाणकाराला ठाऊक नसणार थोडंच? पण एकेक करून विकलं असतं तर संग्रह मोडला असता. एक अडकित्ता म्हणजे नुसता अडकित्ता. शंभर अडकित्ते शेजारी शेजारी ठेवले, तर त्या काळचा समाज बोलायला लागतो. म्हणून त्यांनी संग्रह एकसंध ठेवला आणि सगळ्यांचा करून टाकला. मुलीचं लग्न लावून देताना बाप जसा हसतो आणि आतून हलतो, तसंच काहीसं झालं असेल, असं मला वाटत राहतं.

मानसन्मान पुढे आले. पुणे विद्यापीठाने डॉक्टरेट दिली, १९८० मध्ये पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. आज संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्यातल्या सुमारे अडीच हजार. बाकीच्यांना जागा नाही. गंमत बघा, माळ्याचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही! संग्रहालयाच्या विस्तारासाठी बावधनला जागा ठरली आणि गेली कित्येक वर्षं आम्ही या रस्त्यावरची माणसं त्याबद्दल ऐकत आलोय.

आता थोडं आपल्याबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठले आलेत मोराचे अडकित्ते? नसतील. पण जुनं म्हणजे फक्त पेशवाईतलं, असं कोणी सांगितलं? आपल्या आईच्या लग्नातलं शोकेस आठवा. त्यातली मेलामाइनची बशी, प्लास्टिकची फुलं, दाराच्या आकाराचा व्हॉल्व्हचा रेडिओ नाहीतर चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर, आणि ती ॲक्रिलिकची पारदर्शक मूर्ती, उजेडात धरली की कडा चमकणारी. ॲक्रिलिक हा पदार्थ १९३० च्या दशकात बाजारात आला. काचेसारखा दिसणारा, पण काचेहून हलका आणि सहज न फुटणारा. १९५०-६०-७० च्या दशकांत त्याचे दिवे, शोपीस, टेबलं करण्याची जगभर फॅशन होती. आता परदेशात लोक त्या काळच्या वस्तू हौसेने शोधून जमवतात आणि चांगले पैसे मोजतात. आपण मात्र त्याला प्लास्टिक म्हणून कचऱ्याच्या गाडीत टाकतो. आज भुकूममध्ये कुठलंही जुनं घर रिकामं होताना बघा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळ्यात वर हेच असतं. जात्याची तळी आता हॉटेलवाले शोभेला नेतात, पण शोकेसमधल्या मूर्तीला अजून कोणी दिनकरराव भेटलेला नाही.

तेव्हा एखादी वस्तू ठेवायचीच असेल, तर थोडी काळजी घ्या. ॲक्रिलिक कधीही स्पिरिटने किंवा काच पुसायच्या अमोनियावाल्या फवाऱ्याने पुसू नका, त्याला बारीक बारीक भेगा पडतात. कोरड्या फडक्यानेही घासू नका, चरे उमटतात. पाण्यात थोडा साबण, मऊ सुती कापड, एवढं पुरे. मुलाम्याचं किंवा नक्षीचं पितळ दर महिन्याला चिंच-राखेने घासलंत, तर चमक येईल पण नक्षी झिजून सपाट होईल. रोजच्या तांब्याला घासा, जुन्या मोराला नको. लाकडी वस्तू भिंतीला चिकटवून ठेवू नका, आपल्या मावळी पावसात भिंत ओल धरते आणि वाळवी मागून येते. आणि सगळंच ठेवायचा हट्ट नको. घर माणसांसाठी असतं. पण दहातली एक निवडा, आणि ती मोडीत घालण्याआधी निदान एक फोटो काढा.

शेवटचं एक सांगते. संग्रहालयात वस्तूंजवळच्या पाट्या वाचताना मला दर वेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. वस्तूचं नाव असतं, गाव असतं, शतक असतं. ती वापरणारीचं नाव क्वचितच सापडतं. यात दिनकररावांना बोल नाही. त्यांच्या हाती वस्तू आली, तोवर ते नाव घरातही कोणाला आठवत नव्हतं. लग्नानंतर जिचं नावच बदललं, तिच्या पळीवर तिचं नाव कोण घालणार? भांड्यावर नावं कोरायची पद्धत होती, पण ती बहुतेक नवऱ्याची किंवा सासऱ्याची.

आपल्याला मात्र ते करता येईल. एक कागद घ्यायचा. वस्तू काय, कोणाची, माहेरचं नाव काय, कुठून आणली, केव्हा, तीत काय शिजायचं. चार ओळी पुरतात. कागद घडी करून त्या डब्यात ठेवायचा, झाकण लावायचं. मी आमच्या घरातल्या पुरणयंत्रापासून सुरुवात केली आहे. आजेसासूबाईंचं माहेरचं नाव कोणाला धड सांगता येईना, तेव्हा पौडला एका म्हाताऱ्या नात्यातल्या आत्याबाईंना फोन केला. त्यांना ते आठवत होतं. त्या नव्वदीच्या आहेत. तुमच्याही नात्यात अशी एखादी आत्याबाई असेल. दिवाळीची वाट बघू नका, आजच फोन करा.